पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण

खो-खोच्या खांबाभोवतीची जमीन कधी वाकून बघा. मैदानात इतरत्र मुरूम असेल तसाच असतो, पण खांबापासून वीतभर अंतरावर माती पिठासारखी झालेली असते आणि तिथे एक उथळ खळगा पडलेला असतो. वर्षानुवर्षं पोरापोरींनी त्याच जागी पाय रोवून वळण घेतलेलं असतं. पुढचा गडी निसटलेला असतो. पाठलाग करणारी मुलगी खांबापाशी येते, एका हाताने खांब धरते, अंग बाहेर झोकून देते आणि वेग न मोडता पलीकडच्या बाजूला फिरते. खांबाची उंची १२० ते १२५ सेंटिमीटर. तेवढ्या आधारावर अख्खं शरीर फिरवायचं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत.

या मुलीला गिरकी येते. पण ‘आज आपण गिरकी शिकू’ असं तिला कुणी म्हटलेलं नसतं. हात कुठे ठेवायचा, नजर कुठे लावायची, पाय कधी सोडायचा, हे ती बघून बघून उचलते. ज्यांना उचलता येत नाही त्या मुली बदली खेळाडू म्हणून रेघेबाहेर बसतात, आणि आम्ही शिक्षक म्हणतो, ‘तिच्यात चपळाईच नाही.’

मी नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. जिल्ह्याचं नाव कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं. दोनेक वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत मोबाइलवर एक रील दाखवली. एक तरुण पळत येतो, कमरेएवढ्या भिंतीवर तळहात टेकवतो, त्याचं शरीर ताटलीसारखं आडवं होऊन त्या हाताभोवती पूर्ण फिरतं आणि तो निघाला होता तिथेच परत उभा राहतो. ‘सर, हे शिकवा ना.’ मी ‘अभ्यास कर’ म्हणून त्याला कटवलं. आठवड्याने तो पोरगा ध्वजाच्या कट्ट्यावर तेच करताना सापडला. सिमेंटची धार, खाली फरशी, मनगट सुजून टम्म. मोडलं नव्हतं, नशीब. त्या दिवशी कळलं की मी शिकवलं नाही म्हणून पोरं थांबत नाहीत. ती विहिरीच्या कठड्यावर, उसाच्या ट्रॉलीवर, पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर स्वतःच शिकतात. मग मीच शिकायला बसलो.

रीलमधल्या प्रकाराला पार्कोर म्हणतात. मूळ फ्रान्सचं. जॉर्ज एबेर नावाचा एक फ्रेंच नौदल अधिकारी होता. १९०२ च्या मे महिन्यात कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर माउंट पेले ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि सेंट-पिएर हे शहर होत्याचं नव्हतं झालं. एबेर तिथल्या बचावकार्यात होता. अडचणीच्या वेळी ज्याला पळता, चढता, उडी मारता, ओझं उचलता आणि पोहता येतं तोच दुसऱ्याच्या कामी येतो, हे त्याच्या मनात बसलं आणि त्यातून त्याने अडथळ्यांच्या वाटेवर आधारलेली व्यायामपद्धत उभी केली. ती फ्रेंच लष्कराने उचलली. पुढे रेमों बेल नावाच्या पॅरिसच्या अग्निशामक दलातल्या जवानाकडून ती त्याच्या मुलाकडे, डेव्हिड बेलकडे आली. डेव्हिड आणि त्याच्या मित्रांनी १९८० नंतर पॅरिसजवळच्या लीस या उपनगरात तिला आजचं रूप दिलं. आता आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने हा प्रकार आपल्या छत्राखाली घेतला आहे आणि २०२२ साली टोकियोत त्याची पहिली जागतिक स्पर्धाही झाली.

एक गोष्ट खरी सांगायला हवी. कट्टर पार्कोरवाले गिरकीला पार्कोर मानत नाहीत. ‘इथून तिथे लवकर पोहोचायचं, त्यात गोल फिरण्याचं काय काम?’ असं त्यांचं म्हणणं. एका अर्थी बरोबर आहे. निघालास तिथेच परत आलास, तर गेलास कुठे? पण शाळेच्या मैदानावर मला कुणाला कुठे पोहोचवायचं नाही. गिरकी मला हवी आहे ती वेगळ्या कारणासाठी. शरीर हवेत असताना आपण कुठे आहोत हे ज्या पोराला कळतं, ते पोर सायकलवरून पडलं तरी हात मोडून घेत नाही.

आणि परकं असं यात फार थोडं आहे. मल्लखांबात बोंडाला हात देऊन खांबाभोवती अंग फिरवणं आहे, ‘फिरकी’ हा तिथला रुळलेला शब्द आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला शिस्त लावली, ती कुस्तीला पूरक मेहनत म्हणून. एबेरच्या शंभर वर्षं आधी. कबड्डीत चढाई करणारा पाठ न दाखवता वळतो तीही गिरकीच. पण माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला ज्या एका गोष्टीतून गिरकीचं गणित आधीच माहीत असतं, ती म्हणजे फुगडी.

म्हणून पहिला तास मी फुगडीचा घेतो. मुलगेही घालतात. आधी लाजतात, मग थांबत नाहीत. आमच्या भागातून आषाढीच्या आधी त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी जाते, त्या दिंडीत पुरुषांना फुगडी घालताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं, हे कामाला येतं. दोघांनी पावलं जुळवायची, हातांची अढी घालायची, मागे रेलायचं आणि फिरायचं. फिरताना मी ओरडतो, ‘कोपर वाकवा, जवळ या!’ वेग एकदम वाढतो. ‘आता हात ताणा, लांब व्हा!’ वेग मंदावतो. विज्ञानाच्या पुस्तकात जे कोनीय संवेग म्हणून पुढे कधीतरी येणार आहे ते पोरांच्या दंडांना इथे कळतं. अंग पसरलं की फिरणं हळू, आवळलं की जलद. पुढे ट्रॅक्टरच्या आडव्या टायरवर हात टेकवून गिरकी घ्यायची असते, तिथे जेव्हा मी ‘गुडघे पोटाशी’ म्हणतो तेव्हा कारण सांगावं लागत नाही.

फुगडीतून दुसरंही कळतं. फुगडी सुटल्यावर जमीन फिरते. हे का होतं, ते सातवी-आठवीच्या मुलांना सांगावंच. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, तीन वेगवेगळ्या दिशांना, आणि त्यांत द्रव असतो. डोकं फिरायला लागलं की हा द्रव थोडा मागे राहतो आणि तिथल्या बारीक केसांना वाकवतो. मेंदूला कळतं, आपण फिरतोय. फिरत राहिलं की द्रवही वेग पकडतो. आणि आपण थांबलो की द्रव लगेच थांबत नाही. परातीत पाणी घेऊन परात गरकन फिरवा आणि थांबवा, पाणी फिरतच राहतं, तसं. शरीर उभं, कान म्हणतो फिरतोय उलटीकडे, डोळे म्हणतात काही फिरत नाही. या भांडणाला आपण चक्कर म्हणतो.

यातून मैदानावर दोन नियम निघतात. एक, एकच गिरकी घेतल्याने चक्कर येत नाही, कारण ती सेकंदाच्या आत संपते. लागोपाठ सहा-सात घेतल्या की येते. म्हणून एका मुलाने ओळीने तीनच घ्यायच्या आणि रांगेच्या शेवटी जायचं. दुसरा नियम नजरेचा. कथक करणारी मुलगी चक्कर घेताना समोरचा एक बिंदू धरते, मान शेवटपर्यंत तिथेच ठेवते, मग झटक्यात फिरवून पुन्हा त्याच बिंदूवर आणते. टायरवरच्या गिरकीत हे जसंच्या तसं चालत नाही, कारण अंग आडवं असतं. तिथे नजर आधी टेकवलेल्या हातावर आणि मग उतरायच्या जागेवर. उतरायच्या जागेवर मी पांढऱ्या चुन्याची फुली मारतो. फुली डोळ्याला सापडली की पाय तिच्या मागे आपोआप येतात.

आता प्रत्यक्ष शिकवणं. माझा क्रम पुष्कळांना उलटा वाटतो, कारण मी गिरकीच्या शेवटापासून सुरुवात करतो. फुगडीचा तास सोडला तर पहिले चार आठवडे कुणी फिरत नाही. फक्त पडतो.

पडण्याचं गणित फळ्यावर मांडून दाखवण्यासारखं आहे. ३० किलोचं पोर ६० सेंटिमीटर उंचीवरून उतरलं. पाय ताठ ठेवले तर त्याचं अंग जेमतेम ५ सेंटिमीटरांत थांबतं. सरासरी हिशोब केला तर त्या क्षणी त्याच्या पायांवर वजनाच्या तेरापट, म्हणजे जवळपास ३९० किलोचा भार आला. तेच पोर चवड्यांवर टेकून, गुडघे-कंबर मुडपत ३० सेंटिमीटरांत थांबलं तर भार येतो वजनाच्या तिप्पट, ९० किलो. उंची तीच, पोर तेच. फरक फक्त मुडपण्याचा. हा आकडा मांडल्यावर मुलं दोन मिनिटं गप्प असतात.

पण आकड्याने पाय सुधारत नाहीत, कानाने सुधारतात. मी त्यांच्याकडे पाठ करून उभा राहतो. एकेकाने बाकावरून उतरायचं. मला ‘धप्’ ऐकू आलं की तो मेला, रांगेत मागे. ऐकू आलं नाही की जगला. मांजर ओट्यावरून उतरते तेव्हा घरात कुणाला कळत नाही, तसं. या खेळात टवाळ पोरंसुद्धा श्वास रोखून शांत राहतात, कारण आवाज झाला तर वाद घालता येत नाही. उतरताना गुडघे एकमेकांकडे वळतात का, हे मात्र समोरून बघावं लागतं, म्हणून एक मोठी मुलगी समोर उभी करतो. वयात येणाऱ्या मुलींमध्ये गुडघे आत वळण्याची सवय जास्त दिसते, आणि गुडघ्याचे स्नायुबंध तिथेच दुखावतात. ‘गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटावर’, एवढं एक वाक्य पुरतं.

मग कोलांटी. आपण शाळेत जी कोलांटउडी शिकवतो ती सरळ असते, डोक्यामागून थेट मणक्यावरून. गादीवर ठीक. मुरमावर एकेक मणका मोजून घ्यावा लागतो. पार्कोरमधली कोलांटी तिरकी असते: एका खांद्याच्या मागच्या भागावरून सुरू, पाठीवरून आडवी, विरुद्ध बाजूच्या कुल्ल्यावर संपते. डोकं जमिनीला लागतच नाही. कणा वाचतो आणि पुढे जाण्याचा वेग वाया जात नाही. तालमीत जाणाऱ्या पोरांना ती आधीच येते, त्यांना फक्त नाव सांगायचं. बाकीच्यांना तपासायची सोपी युक्ती आहे. लांब उडीच्या खड्ड्याशेजारी तांबडी माती भुसभुशीत करून पसरायची आणि मुलांना पांढऱ्या गणवेशात लोळवायचं. उठल्यावर पाठ बघायची. उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत तांबडा पट्टा उमटला तर बरोबर. मधोमध उभा पट्टा उमटला तर पुन्हा. पालकसभेत याबद्दल दोन आयांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. तेव्हापासून शनिवारी, जुन्या शर्टात.

तिसरा टप्पा हातांचा. पाय रोज वजन पेलतात, तळहातांना सवय नसते. मनगटात आठ छोटी हाडं असतात, आणि या वयात हाताच्या हाडांच्या टोकांना वाढीचा कोवळा भाग उघडा असतो. त्याच्यावर एकदम अंगाचा भार टाकला तर दुखणं महिनोन्‌महिने राहतं. म्हणून अस्वलचाल, खेकडाचाल, गाढवलाथ. अस्वलचालीत गुडघे जमिनीपासून चार बोटं वर, चाल सावकाश, कोपर किंचित सैल. रोज तीन-चार मिनिटं. कोपर ताठ ठेवून कुलूप लावणारं पोर लगेच ओळखू येतं: त्याचे खांदे कानांना टेकलेले असतात.

इतकं झाल्यावर खांब. खो-खोचा खांब आधी चालत फिरायचा. उजव्या हाताने धरला, उजवा खांदा खांबाकडे, अंग बाहेर रेललेलं, आणि छोटी छोटी पावलं. हात ताणलेला असला पाहिजे, दोरीला बांधलेल्या बैलासारखा. रेलायला घाबरणारी मुलं खांबाला चिकटतात, मिठी मारल्यासारखी, आणि मग पायात पाय येतो. त्यांचा मी दुसरा हात धरतो आणि बाहेर ओढतो. दोन फेऱ्यांत भीती जाते. मग संथ पळत, मग वेगात, मग डाव्या हाताने. खो-खोवाल्या मुलींची इथे मोठी पंचाईत होते, कारण सरावाच्या बाजूने त्या वीज असतात आणि दुसऱ्या बाजूने पहिलीतल्या पोरासारख्या. मला ते आवडतं. वर्गात सगळे थोडा वेळ सारखे होतात.

आणि मग, साधारण सातव्या आठवड्यात, टायर.

पार्कोरच्या परदेशी शाळांत लाकडी खोकी आणि फोमचे ठोकळे असतात. आमच्याकडे ट्रॅक्टरचे टायर आहेत. मागच्या चाकाचा १३.६ इंची टायर आडवा टाकला की ३४-३५ सेंटिमीटर उंची मिळते. दोन एकावर एक ठेवले की सत्तरच्या आत, म्हणजे सहावी-सातवीच्या मुलाच्या कमरेच्या जरा खाली. खालचा टायर वीतभर जमिनीत पुरला तर आणखी बरं. दोन्ही टायर जाड दोराने चार ठिकाणी आवळून बांधायचे, आत मुरूम गच्च भरायचा, ठोकायचा, वरून भुश्याने भरलेलं बारदान शिवून टाकायचं. खर्च जवळजवळ शून्य, कारण जुना टायर कुठल्या ना कुठल्या पालकाच्या वस्तीवर पडलेला असतोच. तार बाहेर आलेला टायर मात्र घ्यायचा नाही, आणि पावसाळ्यात आत पाणी साचून डास होतात म्हणून मुरूम काठोकाठ हवा.

टायर ठेवायचा कुठे, यावर मी एक चूक केली. मऊ म्हणून तो लांब उडीच्या वाळूला लागून ठेवला. उडी मारायला खोल वाळू उत्तम, पण फिरत उतरणाऱ्याला ती वाईट. पाऊल वाळूत रुततं आणि अडकतं, वरचं अंग मात्र अजून फिरत असतं, आणि तो पीळ गुडघा खातो. एका मुलाचा गुडघा दोन दिवस दुखल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता टायरभोवती दाबलेली माती आणि तिच्यावर दोन बोटं भुसभुशीत थर. पाऊल बसतं, पण सरकूही शकतं.

टायरवरची गिरकी हाताच्या मांडणीने जमते किंवा फसते. समजा पाय उजवीकडून वर जाणार आहेत. मग आधाराचा हात डावा. तो टायरवर टेकवताना बोटं समोर ठेवायची नाहीत. ती बाहेरच्या बाजूने, डावीकडून, जितकी मागे वळतील तितकी वळवायची. घट्ट बरणी उघडताना आपण मनगट आधी उलटं वळवून झाकण धरतो, म्हणजे पुरा फेर मिळतो. तसंच हे. अंग फिरत जातं तसं मनगट उलगडत जातं. बोटं समोर ठेवली तर अर्ध्यातच मनगटाला पीळ बसतो, आणि ध्वजाच्या कट्ट्यावरच्या त्या मुलाचं नेमकं तेच झालं होतं. उजवा हात टायरच्या कडेवर, नेहमीसारखा. त्याचं काम ढकलण्याचं आणि वेळेवर उचलण्याचं, कारण पाय त्याच बाजूने येणार. फेर संपताना तो परत टेकतो.

आता पाव गिरकी. दोन्ही हात टेकवून उडी, कंबर वर, पाय उजवीकडे घेऊन टायरवरच ठेवायचे. बस. घड्याळात सहावर पाय होते, ते तीनवर आले. फक्त या एका उडीत मला तीन गोष्टी दिसतात. डावा खांदा तळहाताच्या बरोबर वर आला का? तो मागे राहिला तर पुढे सगळं वजन मनगटावर तिरकं पडणार. कंबर वर आली का, की पोटावर पडला? आणि नजर कुठे होती? पावात तिन्ही बरोबर आल्याशिवाय अर्धी नाही. मुलं कुरकुरतात, ‘सर, जमतंय की!’ जमतंय हे मी ठरवतो.

अर्ध्या गिरकीत पाय टायर ओलांडून बारावर जातात आणि पलीकडे उतरतात, तोंड निघाल्या बाजूला. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात मजेची. भित्र्या मुलांनाही ती येते, आणि माझ्या मते शाळेपुरतं इथे थांबलं तरी हरकत नाही. पाऊण गिरकी अवघड, कारण उतरायची जागा बाजूला येते, नऊवर, आणि तिथे पाठीमागून, आंधळ्यासारखं उतरावं लागतं. पूर्ण गिरकी पाऊणपेक्षा सोपी वाटते. हे ऐकून लोक हसतात, पण पूर्ण फेरीत वेग स्वतःच ओढून आणतो आणि फुली पुन्हा डोळ्यासमोर येते. पाऊण ही मधेच ब्रेक मारण्याची कला आहे. म्हणून काही मुलांना मी अर्धीवरून थेट पूर्णवर नेतो.

आधार द्यायला कुठे उभं राहायचं? पाय ज्या बाजूने येतात त्याच्या विरुद्ध बाजूला, आधाराच्या हाताशी. पायांच्या बाजूला उभं राहिलात तर टाच तुमच्या जबड्यात. एक हात मुलाच्या दंडावर, दुसरा कमरेच्या पट्ट्याशी. उचलायचं नाही, पडला तर सावरायचं. मुलींना आधार द्यायला बाई किंवा वरच्या वर्गातली तयार मुलगी हवी, आणि हात लावण्याआधी विचारायचं, मुलगा असो वा मुलगी. तासाला बांगड्या, पैंजण, गळ्यातला दोरा, खिशातली पेन्सिल, सगळं एका डब्यात. ओढणी वर्गात.

गर्दीचंही गणित आहे. तासिका ३५ मिनिटांची, वर्गात ५५ मुलं. एका मुलाला टायरवर वीस सेकंद धरले तरी एक फेरी व्हायला १८ मिनिटं लागतात, आणि बाकीची ५४ पोरं तोवर एकमेकांच्या टपल्या मारतात. म्हणून मी चार थांबे करतो: माती, अस्वलचाल, खांब, टायर. शिट्टीला थांबा बदलायचा. मी फक्त टायरपाशी असतो. इतर थांब्यांवर गटप्रमुख, आणि तिथे असं काहीच ठेवलेलं नाही की ज्यात माझी नजर नसली तर कुणी मोडेल.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे, जी पुस्तकात सापडत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातली बरीच कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचं गाळप संपल्यावर परततात. काही मुलं मागे हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. मार्चमध्ये ती वर्गात परत येतात तेव्हा इतर मुलं टायरवर असतात. या पोरांच्या अंगात ताकद इतरांहून जास्त असते, भरल्या ट्रॉलीवर सरसर चढणारी पोरं ती. पाव गिरकी ती पहिल्या झटक्यात मारतात. मोह होतो, जाऊ द्या पुढे. पण त्यांनी मांजरीचं उतरणं केलेलं नसतं. ताकद वर नेते, खाली आणत नाही. त्यांना मी बाकावर परत पाठवतो, पाठ करून उभा राहतो आणि ऐकतो.

भिंतीवरची गिरकी, म्हणजे पळत जाऊन उभ्या भिंतीवर दोन्ही हात टेकवून अंग चाकासारखं फिरवणं, मी शिकवत नाही. रीलमध्ये तीच सर्वांत देखणी दिसते. पण तिच्यात मधल्या क्षणी डोकं पायांच्या खाली असतं आणि शेजारी दगडी भिंत. एक शिक्षक आणि ५५ मुलं असताना ते माझ्याने होणार नाही. मैदानाबाहेर टायरपेक्षा उंच कशावरही करायचं नाही, पाणी आणि सिमेंट असेल तिथे तर मुळीच नाही, हा करार मुलं वहीत लिहून सही करतात. आकडी येणारी, कानाचं दुखणं असलेली, वर्षभरात हात मोडलेली मुलं टायरवर चढत नाहीत. ती चुन्याची फुली सांभाळतात आणि उतरण्याला गुण देतात. त्यांच्याइतकं कडक परीक्षण मीही करत नाही.

गुण मी गिरकीला देतच नाही. दहापैकी पाच उतरण्याच्या शांततेला, तीन हातांच्या मांडणीला, दोन दुसऱ्याला आधार देण्याला. फेर पाव आहे की पूर्ण, याला शून्य. त्यामुळे दांडगट पोरांचा पहिल्या सत्रात अपमान होतो.

गेल्या वर्षी मार्चअखेर, सकाळच्या शाळेत, सातवीतल्या एका मुलीने पूर्ण गिरकी घेतली. खो-खोच्या संघात कधीच नसलेली, अंगाने भरलेली, पहिले दोन महिने खांबाला मिठी मारणारी मुलगी. डावा हात टेकला, बोटं बरोबर मागे. कंबर वर आली, उजवा हात सुटला, गुडघे पोटाशी, वेणीचं टोक माझ्या कानावरून गेलं, आणि ती फुलीवर. आवाज नाही. थोडी डुलली, हात पसरले, उभी राहिली. रांगेतल्या मुली ओरडत होत्या. तिने श्वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘सर, आता दुसऱ्या बाजूने?’

मी म्हटलं, ‘दुसऱ्या बाजूने पावापासून.’

तिने उजव्या हाताची बोटं बाहेरून मागे वळवून टायरवर ठेवली.